कॉम्प्युटर बंद पडला? दुकानात नेण्याआधी घरीच हे तपासा, आणि 'या' ठिकाणी मात्र हात लावू नका

कोल्हापूर : फॉर्म भरायची शेवटची तारीख, रात्रीचे नऊ वाजलेत आणि कॉम्प्युटर चालूच होत नाही. हा अनुभव आता गावागावांत नवीन राहिलेला नाही. पोरांचं ॲडमिशन, शिष्यवृत्ती, शेतीच्या योजनांचे अर्ज, दूध संस्थेचा हिशेब, बचत गटाच्या नोंदी, सगळं त्या एका डब्यात असतं. डबा बंद पडला की काम अडतं. मग तो गाडीवर बांधून कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर नाहीतर गडहिंग्लज गाठायचं, एक दिवस मोडायचा आणि तिथं गेल्यावर कळतं की नुसती वायर सैल होती.

आपल्या जिल्ह्याला गावातला कॉम्प्युटर तसा जुना आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून खेड्यातल्या माणसानं कॉम्प्युटर बघितलाय. पण तो बिघडला तर काय करायचं, हे बऱ्याच घरांत अजून कुणाला माहीत नसतं. म्हणून नेहमीचे बिघाड आणि त्यावरचे घरगुती उपाय इथं एकत्र दिले आहेत. ही बातमी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, कारण कॉम्प्युटर बंद असेल तेव्हाच ती लागणार आहे.

आधी तीन नियम लक्षात ठेवा

पहिला : सीपीयूचा डबा उघडण्याआधी बटण बंद करा आणि पिन बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

दुसरा : डब्यातली जी लोखंडी पेटी वीज पुरवते, म्हणजे एसएमपीएस, ती कधीही खोलू नका. पिन काढल्यावरही तिच्या आत काही वेळ जोराचा झटका बसेल एवढी वीज साठलेली असते. यूपीएस आणि जुना डब्यासारखा मॉनिटर यांचंही तसंच.

तिसरा : मशीन वॉरंटीत असेल तर डबा उघडू नका. सील तुटलं की कंपनी हात वर करू शकते. आधी बिल शोधा, तारीख बघा.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही

लाईट आहे का, हे आधी बघा. हसण्यावारी नेऊ नका, घरातला बल्ब लागतोय म्हणजे त्या सॉकेटला वीज येतेय असं नसतं. त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. चार्जिंग होत नसेल तर दोष बोर्डात आहे.

सॉकेट ठीक असेल तर यूपीएस बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटर थेट बोर्डाला लावून बघा. चालू झाला तर यूपीएस किंवा त्याची बॅटरी गेली असं समजा. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती कमजोर होते. अशा वेळी पूर्ण यूपीएस बदलायची गरज नसते, नुसती बॅटरी बदलून मिळते.

त्यानंतर सीपीयूच्या मागची काळी पॉवर केबल काढून घट्ट बसवा. मॉनिटरलाही बऱ्याचदा तशीच केबल असते, तर ती अदलाबदल करून बघा. मागे एसएमपीएसजवळ एक छोटं बटण असतं, झाडलोट करताना ते कधी कधी बंद होतं. काही जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल बटण असतं. ते कायम २३० वरच पाहिजे. ११५ वर सरकवून वीज दिली तर एसएमपीएस तिथंच जळतो.

हे सगळं करूनही हूं की चूं नाही, तर पिन काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पिन लावून पुन्हा प्रयत्न करा. आत साठलेली वीज निघून गेल्यावर बरीच मशिनं चालू होतात. लॅपटॉपलाही हाच उपाय चालतो. बॅटरी निघत असेल तर ती काढून, नसेल निघत तर नुसता चार्जर काढून. एवढ्यावरही नाही झालं, किंवा जळका वास आला, तर पुढं जाऊ नका, दुकानात न्या.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच

मॉनिटरचा दिवा बघा. दिवा लागत नसेल तर मॉनिटरलाच वीज नाही. दिवा लागतोय आणि 'नो सिग्नल' लिहून येतंय, तर मॉनिटर चांगला आहे, सीपीयूकडून चित्र येत नाहीये. मॉनिटरची केबल दोन्ही बाजूंनी काढून घट्ट बसवा. वेगळं ग्राफिक कार्ड बसवलेलं असेल तर केबल त्या कार्डालाच लागते, वरच्या जुन्या जागी लावून चित्र येत नाही.

चालू करताना 'बीप, बीप' असा आवाज सारखा येत असेल तर बहुतेक वेळा रॅम नीट बसलेली नसते. हा बिघाड आपल्याकडं पावसाळ्यात फार होतो. उपाय असा :

पिन काढा. डब्याचं झाकण उघडा. डब्याच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. रॅम ही बोटभर रुंदीची लांब पट्टी असते, तिच्या टोकाच्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की ती सुटते. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. शाळेतल्या पोरांचा पांढरा खोडरबर त्यांवरून हलक्या हातानं फिरवा, चुरा मऊ ब्रशनं झाडा. पॉलिश पेपर किंवा ब्लेड अजिबात वापरू नका. पट्टीवरची खाच सॉकेटच्या खाचेला जुळवून, दोन्ही बाजूंनी 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबा. उलटी बसत नाही, त्यामुळं जबरदस्ती करू नका.

दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. कोणती खराब आहे ते तिथंच कळतं.

तारीख चुकते आणि सरकारी साईट उघडत नाही

कॉम्प्युटर चालू होतो, नेट आहे, पण कुठलीच साईट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं काहीतरी येतं. लोक नेटवाल्याला फोन करतात. आधी खाली कोपऱ्यातली तारीख बघा. तिथं कुठलं तरी जुनं साल दिसत असेल तर दोष नेटचा नाही. सुरक्षित साईट उघडताना कॉम्प्युटर तिच्या प्रमाणपत्राची मुदत तपासतो. आपलं घड्याळच चुकीचं असेल तर तो प्रमाणपत्र मानत नाही.

तारीख नीट केली तर साईट उघडेल. पण लाईट जाऊन आल्यावर तारीख पुन्हा चुकली, तर मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलाय. तो सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पिन काढून जुना सेल काढा, नवा बसवताना लिहिलेली बाजू वर ठेवा. किरकोळ खर्चात काम होतं.

फायबरचं नेट असेल आणि खरंच बंद असेल, तर डब्यावरचा 'एलओएस' नावाचा दिवा बघा. तो लाल असेल तर वायरीतून सिग्नलच येत नाही, कॉम्प्युटर उघडून उपयोग नाही. वायर कुठं मुडपली किंवा उंदरानं कुरतडली का ते बघून मग तक्रार करा.

चालता चालता बंद पडतो, घों-घों आवाज करतो

हे तापण्याचं लक्षण. उसाच्या हंगामात पेटवलेल्या पाचटाची काजळी, गुऱ्हाळाचा धूर, रस्त्याची धूळ, सगळं पंख्यातून डब्यात ओढलं जातं. सहा महिन्यांनी झाकण उघडलं तर आत गोधडीएवढा थर सापडतो. हवा फिरत नाही, मुख्य चिप तापते आणि जळू नये म्हणून मशीन आपोआप बंद होतं.

पिन काढून डबा अंगणात न्या. मऊ ब्रशनं थर सैल करा आणि हवेचा पंप किंवा ब्लोअर लांबून मारा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, हवेनं गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं वापरू नका. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते. वर्षातून दोनदा, एकदा हंगाम संपल्यावर आणि एकदा दिवाळीच्या झाडलोटीत, एवढं केलं तरी मशीनचं आयुष्य वाढतं.

डबा भिंतीला चिकटवून किंवा चालू असताना कव्हर घालून ठेवू नका. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, खालची हवेची भोकं बुजतात. साफ करूनही तापत असेल तर चिपवरचं थर्मल पेस्ट सुकलेलं असतं, ते दुकानातून बदलून घ्या.

हार्ड डिस्क 'टक टक' करते : इथं थांबा

या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं हेच. रॅम, एसएमपीएस, मॉनिटर, सगळं बाजारात विकत मिळतं. वडिलांचा शेवटचा फोटो, दहा वर्षांचा हिशेब, स्कॅन केलेले सातबारा, हे कुठल्याच दुकानात मिळत नाही.

डब्यातून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, फाईल उघडायला फार वेळ लागत असेल, मशीन सारखं आपोआप दुरुस्तीच्या स्क्रीनवर जात असेल, तर हार्ड डिस्क जायच्या मार्गावर आहे. चालू होत असेल तर दुसरं काही न करता आधी गरजेच्या फाईली पेन ड्राईव्हवर घ्या. आवाज मोठा असेल तर मशीन बंदच ठेवा. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं की आतली तबकडी खरवडली जाते आणि परत मिळणारी माहितीही कायमची जाते. हार्ड डिस्क घरी खोलू नका, धुळीचा एक कण आत गेला तरी ती संपते. 'फॉरमॅट मारून देतो' असं कुणी म्हटलं तर आधी विचारा, आमच्या फाईलींचं काय?

महत्त्वाची माहिती दोन ठिकाणी ठेवायची सवय लावा. एक प्रत घरातल्या पेन ड्राईव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी नेटवर. गुगलच्या एका खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते. कागदपत्रांना तेवढी पुष्कळ होते.

मशीन चांगलं आहे पण कासवासारखं चालतं, तर नवा घेण्याची घाई नको. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम ४ जीबीची ८ केली की बऱ्याच जुन्या मशिनांत मोठा फरक पडतो.

कीबोर्ड, माऊस आणि सांडलेला चहा

माऊस किंवा कीबोर्ड चालत नसेल तर दुसऱ्या यूएसबी जागेत लावा, शक्यतो सीपीयूच्या मागच्या बाजूला. तरीही चालला नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, दोष कुणाचा ते कळेल.

लॅपटॉपवर चहा-पाणी सांडलं तर त्याच क्षणी चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, उलटा करा आणि चालू करून बघायचा मोह टाळा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही उपयोग होत नाही, उलट पीठ आत जातं. चहात साखर असते, ती आत चिकटून बसते, म्हणून शक्य तितक्या लवकर दुकानात उघडून साफ करून घ्या.

लॅपटॉपचं झाकण नीट बसेना किंवा खालची बाजू फुगलेली दिसली तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग ताबडतोब बंद करा, दाबू नका, टोचू नका. अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

पावसाळी हवा, उंदीर आणि पाल

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड भागात पावसाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो. बंद पडून राहिलेल्या कॉम्प्युटरला हीच हवा खाते. रॅमचे दात काळे पडतात, स्क्रू गंजतात. उपाय सोपा आहे : पावसाळ्यात रोज तासभर मशीन चालू ठेवा. आतल्या उष्णतेनं ओल राहत नाही. डबा जमिनीवर न ठेवता वीतभर उंच आणि ओल्या भिंतीपासून लांब ठेवा.

डब्याच्या मागं पत्र्याची पट्टी निघालेली असेल तर ती जागा बंद करा. तिथून पाल, झुरळं आणि उंदीर आत जातात. एसएमपीएसमध्ये पाल अडकून शॉर्टसर्किट होणं दुरुस्तीवाल्यांना नवं नाही. हवेची भोकं मात्र बुजवू नका.

व्होल्टेज, अर्थिंग आणि वळीव

घरात २३० व्होल्ट यायला पाहिजेत. मळ्यातल्या वस्त्यांवर मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, बल्ब पिवळा होतो. त्या वेळी कॉम्प्युटर चालू-बंद करत बसू नका. कमी-जास्त व्होल्टेजचा त्रास नेहमीचा असेल तर व्होल्टेज सांभाळणारा यूपीएस घ्या आणि त्यावर प्रिंटर किंवा इस्त्री लावू नका.

उलट एकदम सगळे बल्ब भगभगीत झाले, पंखा जोरात पळायला लागला, तर लाईनचा न्यूट्रल तुटलेला असू शकतो. अशा वेळी घरात ४०० व्होल्टच्या आसपास वीज येऊ शकते. पळत जाऊन मेन स्विच बंद करा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. खांबावर स्वतः चढू नका.

सीपीयूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. तीन पिनांपैकी जाड पिन काढून टाकून दोन पिनांवर चालवणं धोक्याचं आहे. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घाला, आणि वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

एप्रिल-मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन्ही वेळी विजा जास्त. आभाळ गडगडायला लागलं की पिन बोर्डातून काढा आणि नेटची वायरही काढा. बटण बंद केलं तरी वीज वायरीतून येते, यूपीएसही वाचवत नाही. विजेची सूचना आधी मिळावी म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप मोबाईलमध्ये ठेवा. वीज डोक्यावर आली असेल तर मात्र पिन काढायलाही जवळ जाऊ नका. मशीन पुन्हा घेता येतं.

महापुरात कॉम्प्युटर बुडाला तर

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या पुढं गेली. करवीर, शिरोळ, हातकणंगले तालुक्यांत घरं, दुकानं, संस्थांची कार्यालयं पाण्यात गेली आणि कॉम्प्युटरही गेले. तिथं इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठच्या गावांनी पाणी ३९ कडं निघालं की पहिल्यांदा सगळी माहिती पेन ड्राईव्हवर घ्यावी, तो दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून सोबत ठेवावा आणि सीपीयू माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर न्यावा. घाईत डबा उचलणं शक्य नसेल तर निदान हार्ड डिस्क काढून घ्या. दोन वायरी आणि चार स्क्रू, एवढंच काम असतं. वेळ आहे तोवर दुकानदाराकडून एकदा शिकून ठेवा.

पाणी ओसरल्यावर :

साफ करण्याआधी जागेवरच फोटो काढा. पंचनाम्याला आणि विमा असेल तर त्याला लागतात.

सुकलेला दिसला तरी चालू करून बघू नका. आत गाळ असतो, वीज दिली की वाचण्यासारखे भागही जळतात.

हार्ड डिस्क काढून वेगळी ठेवा. तिच्यात महत्त्वाचं असेल तर चालू न करता माहिती परत काढून देणाऱ्या जाणकाराकडंच द्या.

बाकी मदरबोर्ड, रॅम यांवरचा गाळ स्वच्छ पाण्यानं हळू धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, सावलीत वाऱ्यावर कित्येक दिवस पूर्ण सुकवतात. हे शक्यतो दुकानातच करून घ्या. घरी केलं तर जवळ चूल किंवा काडीपेटी नको, ते अल्कोहोल पेटतं. पेट्रोल, रॉकेल वापरू नका.

बुडालेला एसएमपीएस आणि यूपीएस पुन्हा वापरू नका. नवाच घ्या.

दुकानात नेताना एवढं करा

बिघाड नेमका काय आणि कधीपासून, हे कागदावर लिहून न्या. सीपीयूच नेला तर भागतं, मॉनिटर-कीबोर्डचं ओझं नको. आत रॅम किती, हार्ड डिस्क किती, याचा आधी फोटो काढा आणि पावतीवर तसं लिहून घ्या. खर्च किती येईल हे उघडण्याआधी विचारा. बदललेला जुना भाग परत मागा. बिल न देता वॉरंटी सांगितली तर ती वॉरंटी नाही. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

आणखी एक. स्क्रीनवर मोठ्यानं भोंगा वाजून 'तुमचा कॉम्प्युटर खराब झालाय, या नंबरवर फोन करा' असं आलं तर तो बिघाड नाही, ती ठकबाजी आहे. फोन करू नका, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

शेवटी, वायर, सॉकेट, रॅम, सेल, धूळ : एवढं घरच्या घरी बघा. एसएमपीएस, फुगलेली बॅटरी, टकटकणारी हार्ड डिस्क : इथं हात लावू नका. आणि आज मशीन ठणठणीत चालत असेल तर आजच संध्याकाळी गरजेच्या फाईलींची दुसरी प्रत काढून ठेवा. बिघाड सांगून येत नाही.